पावसाळ्याआधी सायकलला मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड घरीच बसवताना

नवी घेतलेली एमटीबी (माउंटन बाइक) किंवा हायब्रिड सायकल बहुतेक वेळा मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँडशिवायच घरी येते. रविवारच्या फेरीला तेवढं चालून जातं. जूनमध्ये रोज ऑफिसला किंवा कॉलेजला जायचं म्हटलं की पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो, खांद्यावरचं दप्तर भिजतं आणि सायकल टेकवायला भिंत शोधावी लागते. या तिन्ही वस्तू, जोडीला पॅडल, लाइट, वेग-अंतर दाखवणारं मीटर आणि ब्रेक रबर, हे सगळं घरी एका दुपारी बसवता येतं. त्याला फार मोठं कसब लागत नाही. बोल्टचं माप आणि कामाचा क्रम मात्र नीट कळायला हवा. घरी केलेलं काम बिघडतं ते जवळजवळ नेहमी दोन कारणांनी: बोल्टची लांबी चुकते, किंवा सगळे भाग जागेवर यायच्या आधीच एक बोल्ट पूर्ण आवळून टाकला जातो.

बोल्ट आणि आटे

बाटलीचा पिंजरा, कॅरिअर, मडगार्ड यांच्यासाठी फ्रेमवर आटे पाडलेली जी भोकं असतात ती जवळपास सगळी एम-५ मापाची असतात. म्हणजे बोल्टचा व्यास ५ मि.मी. आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मि.मी. उंच गोल डोक्याच्या एम-५ अ‍ॅलन बोल्टला ४ मि.मी.ची अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागते, बसक्या घुमटाकार डोक्याच्या बोल्टला ३ मि.मी.ची, आणि नटाला ८ मि.मी.चा पाना. अ‍ॅक्सेसरीच्या पाकिटात येणारे बोल्ट बऱ्याचदा मऊ लोखंडाचे असतात आणि पहिल्याच पावसात गंजतात. हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचे एम-५ बोल्ट १०, १२, १६ आणि २० मि.मी. लांबीचे चार-चार आणा, सोबत वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेले नट घ्या. कोकणात, समुद्राजवळ सायकल राहत असेल तर यात काटकसर करू नका. खाऱ्या हवेत साधा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये असा धरून बसतो की काढताना त्याचं डोकंच तुटून हातात येतं.

बाकी सामान थोडंच आहे. २ ते ८ मि.मी.चा अ‍ॅलन की संच, ८, १० आणि १५ मि.मी.चे पाने, एक प्लस स्क्रूड्रायव्हर, पक्कड, लोखंड कापायची छोटी करवत, कानस, मोजपट्टी, ग्रीसची डबी. आणि एक जुनी ट्यूब. तिचे कापलेले तुकडे क्लॅम्पखाली घातले की फ्रेमचा रंगही वाचतो आणि क्लॅम्प घसरतही नाही.

बोल्ट लावताना पहिले फेरे नेहमी बोटांनी द्या. नव्या फ्रेमच्या आट्यांत बऱ्याचदा रंग साचलेला असतो, त्यामुळे बोल्ट एका फेऱ्यातच जड होतो आणि हात आपोआप पान्याकडे जातो. तिथेच आटे वाकडे होतात. बोल्ट भोकावर सरळ धरा आणि आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने, हळूहळू फिरवा. आट्यांची तोंडं जुळली की बोटाला एक बारीक ‘टक’ लागते. तिथून सुलटा फिरवा. मध्येच जड झाला तर ग्रीस लावून पाव फेरा पुढे, अर्धा फेरा मागे असं करत रंग मोकळा करा. बोल्ट फ्रेममध्ये किमान सहा फेरे गेला पाहिजे. सहा फेरे म्हणजे जेमतेम ५ मि.मी. पकड, त्याहून कमी असेल तर तो ओझं पेलणार नाही, लांब बोल्ट घ्या.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, नसेल तर अ‍ॅलन कीचा लांब हात बोल्टमध्ये घाला आणि आखूड हात दोन बोटांनी फिरवा. एम-५ बोल्टला जितका जोर हवा तितकाच यातून निघतो. आखूड हात आत घालून लांब हातावर मूठ आवळली की आटे गेलेच म्हणून समजा. बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टला तर याहूनही कमी जोर पुरतो. पातळ नळीत दाबून बसवलेली ती आट्यांची बुशी एकदा सैल होऊन फिरायला लागली की बोल्ट धड आतही जात नाही, धड बाहेरही येत नाही. सीटखालच्या नळीवरच्या पिंजऱ्याला लांब बोल्ट वापरू नका. त्याचं टोक आत येतं आणि सीट खाली करताना सीटच्या दांड्याला ओरखडे पाडतं.

मडगार्ड

विकत घेण्याआधी टायरच्या बाजूवर छापलेलं माप वाचा. मडगार्ड टायरपेक्षा साधारण ८ ते १० मि.मी. रुंद हवा. ७०० × ३५ टायरला ४५ मि.मी. रुंदीचा, २६ × १.९५ टायर म्हणजे जवळपास ५० मि.मी., त्याला ६० मि.मी.चा. मग चाकाच्या एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आटे असलेली भोकं आहेत का, आणि चिमट्याच्या (फोर्कच्या) वर ब्रेकसाठी असतं तसं आरपार भोक आहे का, ते बघा. दोन्ही असतील तर पूर्ण लांबीचा मडगार्ड घ्या. पाण्यापासून खरं संरक्षण तोच देतो. सीटच्या दांड्याला अडकवायचा छोटा पंखा पाठ वाचवतो, बूट आणि चेन वाचवत नाही.

पुढे सस्पेन्शन फोर्क असेल तर गणित बदलतं. खड्ड्यात चाक ८० ते १०० मि.मी. वर उचललं जातं, पण चिमट्याचा वरचा भाग जागेवरच राहतो. तिथे टायरलगत मडगार्ड लावला तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर त्यावर आदळेल. अशा सायकलला एकतर फोर्कच्या खालच्या, चाकाबरोबर हलणाऱ्या कमानीला बांधायचा मडगार्ड लावा, नाहीतर फ्रेमच्या तिरक्या नळीखाली बसणारा.

मागचा मडगार्ड लावताना चाक काढून ठेवा, हात मोकळे राहतात. पॅडलच्या एक्सलमागे दोन खालच्या नळ्यांमध्ये जो आडवा तुकडा असतो तिथे मडगार्डचं पुढचं टोक बोल्टने अडकवा. मग ब्रेकजवळच्या वरच्या आडव्या तुकड्याला मधला क्लॅम्प लावा आणि शेवटी तारेच्या काड्या एक्सलजवळच्या भोकांत. सगळं बोटांनीच, सैल. चाक परत बसवा, फिरवून बघा, मडगार्ड डावी-उजवीकडे सरकवत टायरच्या बरोबर मध्ये आणा, टायरपासून सगळीकडे १० मि.मी.च्या आसपास सारखी फट ठेवा आणि मग वरून खाली या क्रमाने आवळा. काड्या एका बाजूला ताणून किंवा वाकवून मडगार्ड मध्ये आणायचा मोह टाळा. ताणलेला मडगार्ड महिनाभरात क्लॅम्पपाशी तडकतो. मध्ये येत नसेल तर ज्या बाजूला झुकतोय तिकडची काडी क्लॅम्पमधून २-३ मि.मी. आत-बाहेर करा.

पुढच्या मडगार्डचा क्रमही तसाच, आधी चिमट्याचं भोक आणि मग काड्या. त्याचं मागचं टोक रस्त्यापासून १० सें.मी.वर आलं तर बूट कोरडे राहतात. तेवढं खाली येत नसेल तर रबराचा एक पट्टा कापून टोकाला दोन छोट्या बोल्टनी लावा. काड्यांची बाहेर आलेली टोकं करवतीने कापा, कानस मारा आणि रबरी टोप्या चढवा. घसरून पडलात तर ही टोकं पिंढरीत घुसतात.

पुढच्या मडगार्डचा एक धोका माहीत असायला हवा. चाकाने उचललेली काटकी टायर आणि मडगार्डच्या फटीत अडकली तर मडगार्ड चुरगळून चिमट्याखाली गोळा होतो, चाक जागच्या जागी थांबतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून चांगल्या मडगार्डच्या पुढच्या काड्यांना जोर आला की आपोआप सुटणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिप असतात. त्या क्लिप वायरने किंवा केबल टायने ‘पक्क्या’ करू नका, सुटणं हेच त्यांचं काम आहे. नंतर पॅडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवा आणि बुटाचं टोक मडगार्डला लागतं का बघा. थोडं लागत असेल तर संथ वळणावर पाय सांभाळावा लागेल, बुटाचं सगळं टोकच घासत असेल तर मडगार्डचं मागचं टोक आखूड करा.

मराठवाड्यात, विदर्भात शेतातल्या काळ्या मातीच्या रस्त्याने जायचं असेल तर १० मि.मी.ची फट पुरत नाही. ती माती टायरला चिकटून थरावर थर चढते आणि काही अंतरातच चाक फिरेनासं होतं. तिथे टायरपासून चांगला उंच राहणारा क्लिपचा मडगार्डच बरा.

कॅरिअर

कॅरिअरवर किती किलो चालतात ते त्यावरच छापलेलं असतं. फ्रेमला चार ठिकाणी बसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरिअरवर साधारण २५ किलो लिहिलेले आढळतात, नुसत्या सीटच्या दांड्याला पकडणाऱ्या कॅरिअरवर बहुतेक १० किलोपर्यंत. रोज लॅपटॉप, डबा आणि रेनकोट न्यायचा असेल तर चार पायांचंच घ्या. सीटच्या दांड्यावरचं कॅरिअर खड्ड्यात हळूहळू एका बाजूला फिरतं आणि पिशवी चाकाला लागते. कोणत्याही साध्या कॅरिअरवर लहान मुलाला बसवू नका, त्यासाठी पाय स्पोकमध्ये जाऊ न देणारी वेगळी सीट मिळते.

आधी खालचे दोन बोल्ट सैल लावा. मग वरच्या पट्ट्या फ्रेमच्या वरच्या नळ्यांपर्यंत आणा, कॅरिअरची पाटी जमिनीला समांतर करा आणि चारही बोल्ट थोडे-थोडे, आलटून-पालटून आवळा. वर आट्यांची भोकं नसतील तर रबर लावलेल्या पी-क्लिप (नळीभोवती बसणाऱ्या पट्टीच्या कड्या) नळ्यांवर चढवा, आत ट्यूबचा तुकडा घाला. कार्बनच्या फ्रेमवर पी-क्लिप किंवा क्लॅम्प लावू नका.

एकाच भोकात कॅरिअर आणि मडगार्डची काडी दोन्ही लावायची असतील तर कॅरिअरचा पाय फ्रेमला चिकटून आणि काडी बाहेरच्या बाजूला. ओझं फ्रेमपासून जितकं लांब, तितका बोल्ट वाकतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आड येतो म्हणून मध्ये जाड स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा पोकळ तुकडा, घालून लांब बोल्ट लावणं याच कारणाने धोक्याचं. असे बोल्ट ओझ्याखाली भोकाच्या तोंडाशी तुटतात आणि आतला तुकडा काढायला मशीनच्या दुकानात जावं लागतं. डिस्कसाठी पाय बाहेरून वळवलेलं कॅरिअर मिळतं, ते घ्या.

उजव्या बाजूचा खालचा बोल्ट आतून नीट तपासा. चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणा, पॅडल उलटं फिरवा आणि बोल्टचं टोक व चेन यांच्यात ३ मि.मी. तरी मोकळी जागा आहे का बघा. बोल्ट २ मि.मी. लांब झाला तरी टॉप गिअरमध्ये चेन त्यावर घासते. ‘गिअर बिघडला’ म्हणून दुकानात नेलेल्या सायकलींत हा दोष वरचेवर सापडतो. डोक्याखाली एक वॉशर वाढवा किंवा बोल्ट आखूड करा.

या चारही बोल्टवर निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) एक-एक थेंब लावा. लाल लावू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. थ्रेडलॉकर लावलेल्या बोल्टला ग्रीस नको, दोन्हींपैकी एकच. बाजूची पिशवी अडकवून पॅडल मारून बघा आणि टाच लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. लोंबणारे पट्टे बांधून टाका, स्पोकमध्ये गेलेला एक पट्टा मागचं चाक जाम करतो.

स्टँड

साइड स्टँड तीन प्रकारचे मिळतात. पॅडलच्या एक्सलमागे खालच्या पट्टीला एका जाड बोल्टने लागणारा, मागच्या डाव्या खालच्या नळीवर क्लॅम्प होणारा आणि एक्सलच्या नटाखाली बसणारा. फ्रेमवर स्टँडसाठी वेगळी सपाट पट्टी असेल तर पहिलाच घ्या. ती नसताना तोच स्टँड दोन नळ्यांना वरून-खालून दाबून बसवला आणि बोल्ट जोरात आवळला तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या चेपतात. तो खळगा पुन्हा निघत नाही आणि फ्रेम तिथूनच तडकते.

क्लॅम्पच्या प्रकारात ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन्ही बोल्ट सारखे आवळा. स्टँड दुमडून डावं पॅडल उलटं फिरवा. अंतर जेमतेम असेल तर क्लॅम्प मागे सरकवा. स्टँड उघडताना आणि मिटताना डिस्क ब्रेकच्या रोटरला (चकतीला) किंवा स्पोकला लागत नाही ना, तेही पाहा.

लांबी कॅरिअरवर ओझं ठेवूनच ठरवा. रिकाम्या सायकलला बरोबर वाटणारा स्टँड भरलेल्या सायकलला बऱ्याचदा लांब पडतो आणि ती वाऱ्याने उजवीकडे उलटते. सायकल डावीकडे स्पष्ट कललेली दिसली पाहिजे. लांबी कमी-जास्त करता न येणारा स्टँड एका वेळी ५ मि.मी.च कापा.

पॅडल

प्लास्टिकची पॅडल पावसात निसरडी होतात, म्हणून खिळ्यांची पकड असलेली बसवणं फायद्याचं. गिअरच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंची आटे असतात आणि सळईसारख्या एकसंध क्रँकच्या लहान मुलांच्या सायकलींना १/२ इंची. एल आणि आर ही अक्षरं एक्सलच्या टोकावर कोरलेली असतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे नेलं की दोन्ही बाजूंची पॅडल आवळतात, मागच्या चाकाकडे नेलं की सुटतात. आट्यांना ग्रीस लावा आणि निदान चार फेरे बोटांनी द्या. चुकीचं पॅडल जोर लावून घातलं तर ते काही फेरे आत जातंही, पण अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे सोलून काढतं. १५ मि.मी.च्या पान्याने घट्ट आवळा. इथे मात्र पूर्ण मुठीचा जोर हवा.

लाइट आणि मीटर

मागचा लाइट सीटच्या दांड्यावर लावला तर कॅरिअरवरची पिशवी तो झाकते. तो कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा. तिथली भोकं ५० किंवा ८० मि.मी. अंतरावर असतात, लाइटच्या पाकिटावर तेच माप शोधा. पुढचा लाइट असा झुकवा की प्रकाशाचा मधला ठिपका ६-७ मीटर पुढे रस्त्यावर पडेल. समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा लाइट ओल्या रस्त्यावर तर फारच वाईट. चार्जिंगच्या भोकाची रबरी टोपी खालच्या बाजूला राहील असा तो बसवा.

वायरच्या मीटरचं लोहचुंबक स्पोकवर आणि सेन्सर चिमट्याच्या पायावर लावा, दोघांमध्ये ५ मि.मी.हून जास्त अंतर नको. मग चाकाचा परीघ मि.मी.मध्ये भरा: ७०० × २५ ला २१०५, ७०० × ३५ ला २१६८, २६ × १.९५ ला २०५०. २६ इंची सायकलवर २१०५ तसाच राहिला तर १०० कि.मी.ला मीटर जवळपास १०२.७ दाखवतं. याहून अचूक हवं असेल तर टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सीटवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ पुढे जा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. बसल्यावर टायर थोडा दबतो, म्हणून बसूनच मोजायचं.

ब्रेक रबर

पावसात रस्त्यावरची बारीक वाळू रिमला चिकटते आणि रबर झपाट्याने झिजतं. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. व्ही-ब्रेकचं (दोन उभ्या हातांनी रिम दाबणाऱ्या ब्रेकचं) रबर ५ मि.मी.च्या अ‍ॅलन कीने सुटतं. त्यावर वाटीसारखे आणि घुमटासारखे वॉशर जाड-पातळ जोड्यांत असतात, काढण्यापूर्वी मोबाइलने फोटो घेऊन ठेवा. बाणाचं टोक चाक फिरतं त्या दिशेला. रबर रिमच्या वरच्या कडेपासून १ ते २ मि.मी. खाली बसवा. टायरला लागलं तर थोड्याच दिवसांत टायरची बाजू कापली जाते. रबराच्या मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा, साधारण १ मि.मी.चा तुकडा धरा, ब्रेक दाबून ठेवा आणि तसाच आवळा. यामुळे पुढचं टोक आधी टेकतं आणि ब्रेक किंचाळत नाही. एक बाजू सतत घासत असेल तर त्या बाजूच्या ब्रेकच्या हाताखालचा छोटा स्क्रू आत घ्या, म्हणजे तिकडची स्प्रिंग ताणते आणि रबर रिमपासून मागे सरतं. डिस्क ब्रेक असतील तर ग्रीसचा हात रोटरला किंवा पॅडला लागू देऊ नका. तेवढ्यानेही ब्रेक घसरू लागतो.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर

नवे बोल्ट बसतात आणि किंचित सैल होतात. ५० कि.मी. झाले की कॅरिअर, मडगार्ड, स्टँड आणि पॅडल सगळं एकदा तपासा. त्यानंतर पावसाळाभर महिन्यातून एकदा पुरे. बोल्टच्या डोक्यावर आणि फ्रेमवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारून ठेवली तर बोल्ट फिरलाय का ते पाना न लावता दिसतं. रस्त्यात कॅरिअरचा बोल्ट पडला तर पिंजऱ्याचा एक काढून तिथे लावता येतो, माप तेच असतं, फक्त त्याची लांबी पुरते का ते बघा. एखाद्या भोकाचे आटे थोडेच खराब झाले असतील तर एम-५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून फिरवला की ते सुधारतात. पूर्ण गेले असतील आणि भोकाभोवती धातू पुरेसा जाड असेल तर दुकानात एम-६ चे आटे पाडून मिळतात. मग त्या बोल्टला ५ मि.मी.ची अ‍ॅलन की लागेल, आणि कॅरिअरच्या पायाचं भोकही कानशीने १ मि.मी. मोठं करावं लागेल.